महागड्या गाडीची बॅटरी उतरली तर काय करायचं: दार उघडण्यापासून नवी बॅटरी बसवण्यापर्यंत

साध्या गाडीची बॅटरी उतरली तर जंपर केबल लावायची, स्टार्टर मारायचा आणि निघायचं. बीएमडब्ल्यू, मर्सिडीज, ऑडी, पोर्श, रेंज रोव्हर, बेंटली अशा गाड्यांत मात्र तोच १२ व्होल्टचा डबा दाराचं लॉक, डिकी, गिअर, पार्किंग ब्रेक, स्टिअरिंग लॉक आणि डझनावारी कंट्रोल युनिट (वेगवेगळे भाग चालवणारे छोटे संगणक) सांभाळत असतो. बॅटरी उतरली की आधी गाडीत शिरायचीच पंचाईत. त्यात घाईघाईने केबल उलटी लागली तर एखाद्या सेकंदात बॅटरीच्या कितीतरी पट किमतीचं इलेक्ट्रॉनिक्स जळू शकतं. म्हणून इथे क्रम महत्त्वाचा: खात्री करा, आत शिरा, योग्य टर्मिनल शोधा, शक्य असेल तर चार्जर लावा, नाइलाज असेल तरच जंप द्या. आणि बॅटरी का उतरली ते शोधल्याशिवाय नवी घेऊ नका.

खरंच गाडीचीच बॅटरी गेली आहे का?

दार उघडत नाही म्हणजे गाडीची बॅटरी उतरली, असं नाही. बऱ्याचदा चावीतला बटण सेल संपलेला असतो. तो बहुतेक चाव्यांत सीआर २०३२ किंवा सीआर २४५० असतो. काचेतून आत बघा. अलार्मचा लाल दिवा लुकलुकत असेल तर गाडीत वीज आहे. चावीच्या पोटातली लोखंडी चावी काढून दार उघडा आणि धोक्याचे चारही इंडिकेटर लावून पाहा. ते जोरात लागले तर दोष चावीचा. अशा वेळी चावी ठरलेल्या जागी टेकवली की गाडी चालू होते. ही जागा कुठे स्टिअरिंग कॉलमच्या बाजूला असते, कुठे कप होल्डरमध्ये, कुठे आर्मरेस्टच्या खणात. मॅन्युअलमध्ये तिचं चित्र असतं.

इंडिकेटर मंद असतील किंवा लागतच नसतील तर बॅटरीकडे वळा. स्टार्ट बटण दाबल्यावर येणारा आवाज बरंच सांगतो. टक-टक-टक असा भरभर आवाज म्हणजे रिले (स्टार्टरला वीज सोडणारा खटका) ओढला जातोय, पण व्होल्टेज कोसळतंय. बॅटरी कमी आहे. एकच ‘खट्’ आणि पुढे शांतता, पण दिवे मात्र झगझगीत, असं असेल तर स्टार्टर किंवा त्याची केबल तपासायला हवी. तिसरा प्रकार नवख्यांना सगळ्यात जास्त घाबरवतो: एबीएस, ट्रॅक्शन, एअरबॅग, सस्पेन्शन, स्टिअरिंग अशा सगळ्या इशाऱ्यांची रांगच स्क्रीनवर लागते. एकाच दिवशी पाच सिस्टिम बिघडत नाहीत. व्होल्टेज कमी पडलं की प्रत्येक कंट्रोल युनिट आपापली तक्रार नोंदवतं, इतकंच. मल्टीमीटर लावल्याशिवाय कोणतीही दुरुस्ती मान्य करू नका.

मल्टीमीटर डीसी २० व्होल्टवर ठेवून मोजा. या गाड्यांत बहुधा एजीएम बॅटरी असते, म्हणजे आम्ल काचेच्या धाग्यांच्या चटईत शोषून ठेवलेली सीलबंद बॅटरी. गाडी काही तास बंद राहिलेली असताना पूर्ण भरलेली एजीएम १२.८ व्होल्टच्या आसपास दाखवते, निम्मी उतरलेली १२.३ च्या जवळ. १२ च्या खाली ती जवळपास रिकामी समजा. रात्रभर चार्ज करून, मग दहा-बारा तास ठेवूनही ती १०.५ च्या आसपासच अडकत असेल तर सहांपैकी एक सेल मेलेला आहे आणि कुठल्याही चार्जरने तो परत येणार नाही. चार्जर काढल्या काढल्या घेतलेल्या आकड्यावर मात्र विश्वास ठेवू नका. तो वरवरचा फुगवटा असतो आणि काही तासांत उतरतो.

गाडीत शिरणं

चावीच्या कडेला छोटा खटका असतो. तो सरकवला किंवा दाबला की लोखंडी पातं निघतं. कुलूप बहुतेक वेळा फक्त ड्रायव्हरच्या दाराला असतं, आणि अलीकडच्या गाड्यांत तेही हँडलच्या टोकाला प्लास्टिकच्या टोपीखाली लपवलेलं. टोपीच्या खालच्या बाजूला बारीक खाच दिसेल. हँडल ओढून धरायचं, पात्याचं टोक खाचेत घालून टोपी हळूच वर उचकायची. जोर केला तर टोपीचा रंग उडतो आणि आतला क्लिप तुटतो. वर्षानुवर्षं न वापरलेलं कुलूप घट्ट झालेलं असतं, म्हणून चावी आधी दोन-तीनदा आतबाहेर करा आणि मगच फिरवा.

कूपे किंवा कन्व्हर्टिबल असेल तर अजून एक काळजी. काचेला चौकट नसलेल्या दारांत हँडल ओढताच काच सेंटिमीटरभर खाली सरकते आणि रबरातून सुटते. वीज नसेल तर ती सरकत नाही. दार सावकाश ओढा, काचेचा वरचा काठ रबरातून हाताने मोकळा करा. काम संपेपर्यंत ते दार बंद करू नका, नाहीतर काच वरच्या पट्टीवर आपटते.

बॉनेटची दोरी बहुतेक गाड्यांत अजूनही यांत्रिक आहे, ती ओढली की काम होतं. डिकी मात्र विजेवर उघडते, आणि बऱ्याच गाड्यांत नेमकी बॅटरीही तिथेच असते. डिकीच्या नंबरप्लेटजवळ यांत्रिक कुलूप आहे का बघा. नसेल तर मागची सीट पाडून आत जाता येतं का पाहा. पण मुळात त्याची गरज बहुधा पडत नाही. ज्यांची बॅटरी डिकीत किंवा सीटखाली असते, त्या बहुतेक गाड्यांच्या बॉनेटखाली जंपसाठी वेगळी टर्मिनल दिलेली असतात. तिथून वीज दिली की डिकी आपोआप शहाणी होते.

पोर्श ९११, बॉक्सटर आणि केमन यांची गोष्ट वेगळी. बॅटरी पुढच्या डिकीत, आणि ९११ च्या ‘९९६’ या पिढीनंतरच्या बहुतेक पिढ्यांत त्या डिकीचं लॉक विजेवर. त्यासाठी पुढच्या पायांच्या जागेत, दाराजवळच्या फ्यूज बॉक्समध्ये बाहेर ओढता येणारं प्लस टर्मिनल दिलेलं आहे. दुसऱ्या १२ व्होल्ट बॅटरीचा प्लस त्याला आणि मायनस दाराच्या बिजागरीला किंवा लॉकच्या लोखंडी कडीला लावायचा, मग डिकीचं बटण दाबायचं. अलार्म वाजू शकतो. चावीने लॉक-अनलॉक केलं की थांबतो. त्या टर्मिनलवरून इंजिन स्टार्ट करायचा प्रयत्न कदापि करू नका, कारण ती तार फक्त लॉकपुरती आहे आणि स्टार्टरचा शेकडो अँपियरचा भार तिला पेलत नाही.

बॅटरी आणि टर्मिनल शोधणं

ढोबळ नकाशा असा. बीएमडब्ल्यूच्या ३, ५, ७ सिरीजच्या बहुतेक पिढ्यांत बॅटरी डिकीत उजव्या बाजूला. व्होल्वो एक्ससी९० मध्ये डिकीच्या फरशीखाली. पोर्श कायेन आणि ऑडी क्यू७ मध्ये पुढच्या सीटखाली. मर्सिडीजच्या जुन्या एमएल आणि जीएलमध्येही पुढच्या सीटखालीच, तिथे गालिचा उचलावा लागतो. पिढी बदलली की जागाही बदलू शकते, त्यामुळे मॅन्युअल बघाच. ते गाडीच्या स्क्रीनमध्येच असेल तर ऐन वेळी उपयोगी पडणार नाही. त्याची प्रत फोनमध्ये आधीच उतरवून ठेवा.

बॉनेटखाली लाल टोपी आणि तिच्यावर अधिकचं चिन्ह शोधा. ते प्लस. मायनससाठी जवळच सस्पेन्शनच्या मनोऱ्याजवळ किंवा बॉडीवर रंग न दिलेला जाड खुंटा असतो. हा खुंटा वापरण्याचं एक ठोस कारण आहे. बॅटरीच्या मायनस टर्मिनलवर छोटा काळा सेन्सर बसवलेला असतो आणि तो आत-बाहेर जाणारा प्रत्येक अँपियर मोजतो. तुमची मायनस केबल थेट बॅटरीच्या खुंट्यावर लावली तर तो करंट सेन्सरला दिसतच नाही. बॅटरी भरली तरी गाडीच्या हिशेबात ती रिकामीच राहते आणि ‘बॅटरी कमी’चा इशारा जात नाही. वर सेन्सरवर क्लॅम्पचा भार पडला तर तो तुटतोही.

काही गाड्यांत दोन बॅटऱ्या असतात. २००३ पासूनच्या बेंटली काँटिनेंटल जीटीत डिकीत दोन: एक स्टार्टरसाठी, दुसरी बाकीच्या विजेसाठी. आत सगळे दिवे लागतात पण इंजिन फिरत नाही, किंवा याच्या उलट, असं झालं तर कोणती उतरली ते आधी मोजा. मर्सिडीज आणि लँड रोव्हरच्या काही मॉडेल्समध्ये छोटी जादा बॅटरी असते. ती गेली की स्टॉप-स्टार्ट (सिग्नलला इंजिन आपोआप बंद-चालू करणारी सोय) बंद पडतं, पण गाडी चालू होते. आणि ४८ व्होल्टची माइल्ड हायब्रिड (इंजिनाला छोट्या इलेक्ट्रिक मोटरची मदत असलेली गाडी) असेल तर त्या ४८ च्या बॅटरीला किंवा तिच्या केबलला हातही लावू नका. जंप फक्त १२ व्होल्टच्या टर्मिनलवर. नारिंगी रंगाची केबल दिसली तर तिथे शेकडो व्होल्ट असतात, तिच्यापासून चार हात लांब.

आधी चार्जर

घरी किंवा पार्किंगमध्ये गाडी उभी आहे, वेळ आहे, आणि जवळ विजेचा प्लग आहे, तर जंप देऊच नका. सावकाश चार्जिंग बॅटरीला आणि गाडीला दोन्हींना मानवतं. खोल उतरलेल्या मोठ्या एजीएमला दुसऱ्या गाडीने जंप दिला की ती सुरुवातीलाच प्रचंड करंट ओढते. मदतीला आलेल्या गाडीच्या अल्टरनेटरवर (इंजिनावर फिरून वीज बनवणारा भाग) त्याचा ताण येतो, नंतर तुमच्याही.

५ ते १० अँपियरचा स्मार्ट चार्जर घ्या, एजीएम मोड असलेला. एजीएमला साधारण १४.४ ते १४.८ व्होल्ट लागतात. ‘रिपेअर’ किंवा ‘रिकंडिशन’ असं बटण असेल तर ते दाबू नका. त्या मोडमध्ये काही चार्जर १५.८ व्होल्टपर्यंत जातात. गाडीला जोडलेल्या बॅटरीवर ते कंट्रोल युनिटला बाधतं आणि सीलबंद एजीएममधलं उडालेलं पाणी परत भरता येत नाही. ‘इंजिन स्टार्ट’ मोडही नको.

क्रम असा: चार्जर भिंतीवर बंद, लाल क्लॅम्प प्लसला, काळा बॉडीच्या खुंट्याला, मग भिंतीवरचं बटण चालू. काढताना उलट. बॅटरी डिकीत असेल तर डिकी उघडी ठेवा आणि जवळ सिगारेट नको, कारण चार्ज होताना हायड्रोजन सुटू शकतो. हिशेब साधा आहे: ९५ अँपियर-तासांची बॅटरी निम्मी रिकामी असेल तर ५ अँपियरच्या चार्जरला तिथेच साडेनऊ तास, आणि शेवटची पायरी हळू असल्यामुळे वर अजून काही तास. म्हणजे रात्रभर लावायचा आणि सकाळी बघायचं.

चार्जर ‘बॅटरी सापडत नाही’ म्हणाला तर व्होल्टेज इतकं खाली गेलंय की त्याला ओळखच पटत नाही. काही चार्जरमध्ये यासाठी जबरदस्तीने चालू करायचा मोड असतो. तो नसेल तर चांगली १२ व्होल्ट बॅटरी केबलने समांतर जोडायची, प्लसला प्लस आणि मायनसला मायनस, आणि मग चार्जर लावायचा. अर्ध्या तासाने जोडलेली बॅटरी काढता येते. कडाक्याच्या थंडीत डबा फुगलेला दिसला तर मात्र काहीच लावू नका. उतरलेल्या बॅटरीतलं पाणी शून्याखाली थोड्याच अंशांवर गोठू शकतं आणि गोठलेली बॅटरी चार्ज करताना फुटते.

लिथियमची स्टार्टर बॅटरी असेल तर हे सगळं बदलतं. पोर्शने २०१० पासून ९११ जीटी३ सारख्या गाड्यांना ती पर्याय म्हणून दिली. वजन ६ किलोच्या आत. नंतर ती बऱ्याच स्पोर्ट्स गाड्यांत आली. तिच्या आतलं सर्किट फार खोल उतरण्याआधीच बॅटरीचा बाहेरचा संपर्क तोडतं आणि मीटर शून्य दाखवतो. म्हणजे ती मेलेली असेलच असं नाही. तिला लिथियमसाठी मान्य असलेलाच चार्जर लावायचा, शिशाच्या बॅटरीचा नाही.

जंप द्यायचाच असेल तर

पहिली पसंती पोर्टेबल जंप स्टार्टरला (आत स्वतःची बॅटरी असलेला छोटा डबा), कारण त्यात दुसरी गाडी जोखमीत येत नाही. डब्यावरचे मोठमोठे पीक अँपियरचे आकडे विसरा. इंजिनाच्या क्षमतेपुढे पेट्रोल किती लिटर, डिझेल किती लिटर ते लिहिलेलं असतं, तेवढं बघा. एक धोका लक्षात असू द्या: बॅटरी पार बसलेली असेल तर डब्याचं ‘बूस्ट’ बटण दाबावं लागतं, आणि त्या मोडमध्ये उलट जोडणीपासूनचं संरक्षण बंद असतं. क्लॅम्प दोनदा तपासल्याशिवाय ते बटण नको.

दुसऱ्या गाडीने जंप देताना केबल जाड हवी: तांब्याची, किमान २५ चौरस मिलिमीटर, मोठ्या डिझेलला ३५. स्वस्त केबलवर जाड प्लास्टिक आणि आत बारीक तार असते. ती गरम होते आणि इंजिन काही फिरत नाही. मदतीची गाडी साधी पेट्रोल किंवा डिझेल असावी. हायब्रिड किंवा इलेक्ट्रिक गाडीची १२ व्होल्ट बॅटरी स्टार्टर फिरवण्यासाठी बनवलेलीच नसते.

१. दोन्ही गाड्या एकमेकींना टेकलेल्या नसाव्यात. दोन्ही पार्कमध्ये, सगळे दिवे, एसी, म्युझिक बंद.

२. लाल क्लॅम्प तुमच्या गाडीच्या प्लसवर. दुसरा लाल क्लॅम्प मदतीच्या गाडीच्या प्लसवर. काळा मदतीच्या गाडीच्या अर्थ खुंट्यावर (बॉडीवरचा मायनसचा खुंटा), आणि शेवटचा काळा तुमच्या गाडीच्या अर्थ खुंट्यावर. ठिणगी उडायचीच असेल तर ती शेवटच्या जोडणीला, बॅटरीपासून लांब उडते.

३. मदतीची गाडी चालू करून निष्क्रिय गतीवर पाच ते दहा मिनिटं ठेवा. ॲक्सिलरेटर दाबत राहू नका. या वेळात तुमच्या बॅटरीत थोडा जीव येतो आणि स्टार्ट करताना व्होल्टेज कमी कोसळतं.

४. आता तुमची गाडी चालू करा. एका वेळी १० सेकंदांहून जास्त नाही, मध्ये मिनिटभर थांबा. तीन-चार प्रयत्नांत नाही झाली तर केबल ढिली आहे, बारीक आहे, किंवा दोष बॅटरीचा नाही. पुन्हापुन्हा मारून स्टार्टर तापवू नका.

५. चालू झाल्यावर लगेच केबल उपटू नका. तुमच्या गाडीचा ब्लोअर आणि मागच्या काचेचा हीटर लावा. केबल निघताना व्होल्टेजची उसळी येते ती या भारात विरते. दोनेक मिनिटांनी उलट क्रमाने काढा, आणि सुटलेले क्लॅम्प एकमेकांना किंवा बॉडीला टेकू देऊ नका.

ऑटोमॅटिक गाडी धक्का मारून चालू होत नाही, त्याचा विचारही नको. वीज नसेल तर गिअरबॉक्स पार्कमध्ये अडकलेला आणि पार्किंग ब्रेक लागलेला असतो. टो करायचीच वेळ आली तर चारही चाकं वर घेणारी फ्लॅटबेड गाडीच मागवा, विशेषतः ऑल-व्हील ड्राइव्हला. एअर सस्पेन्शनची गाडी बरेच दिवस उभी असेल तर पोटाशी बसलेली असू शकते, आणि उताराच्या फळीवर पुढचा बंपर घासतो. अशा वेळी जंप स्टार्टर लावून आधी ती उचलून घ्या.

चालू झाली, पण काम संपलं नाही

अर्धा तास फिरवून आणली की बॅटरी भरते, हा समज जुन्या गाड्यांचा. आताचे अल्टरनेटर इंधन वाचवण्यासाठी बॅटरी मुद्दाम पूर्ण भरत नाहीत, ब्रेक मारताना मिळणाऱ्या विजेसाठी जागा ठेवतात. म्हणून घरी आल्यावर चार्जर लावाच. एजीएम काही दिवस उतरलेल्या अवस्थेत राहिली तर तिच्या पत्र्यांवर सल्फेट बसतं आणि गेलेली क्षमता परत येत नाही.

पुढच्या काही मिनिटांत स्टिअरिंग किंवा ट्रॅक्शनचा दिवा लागलेला दिसेल. स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा, मग थोडं सरळ चालवा, बहुधा जातो. खिडक्या एका स्पर्शात वर जात नसतील तर काच पूर्ण वर नेऊन बटण काही सेकंद ओढून धरा. प्रत्येक दाराला वेगळं करावं लागतं. सनरूफ आणि इलेक्ट्रिक डिकीलाही असंच शिकवावं लागू शकतं. एवढं करूनही उरलेले इशारे स्कॅनरने (गाडीच्या संगणकाला जोडायचं तपासणी यंत्र) पुसून टाका. परत आले तर खरे.

नवी बॅटरी बसवताना

जुन्या बॅटरीवरचे चार आकडे उतरवून घ्या: प्रकार, अँपियर-तास, थंडीत स्टार्ट करण्याचा करंट आणि लांबी. युरोपियन डब्यांची रुंदी १७५ आणि उंची १९० मिलिमीटर ठरलेली असते, फरक लांबीत पडतो. एल३ म्हणजे २७८ मिलिमीटर, एल४ ३१५, एल५ ३५३, एल६ ३९३. एजीएमच्या जागी साधी पाण्याची बॅटरी बसवू नका. स्टॉप-स्टार्ट तिचा लवकर फडशा पाडतं, आणि बॅटरी केबिनमध्ये असेल तर वायूचा प्रश्न वेगळाच.

काढण्याआधी गाडी बंद करून चावी लांब ठेवा आणि कंट्रोल युनिट झोपायला निदान अर्धा तास द्या. १० मिलिमीटरच्या पान्याने आधी मायनस, मग प्लस. खालची पकड बहुतेक जर्मन गाड्यांत १३ च्या पान्याने सुटते. बीएमडब्ल्यूच्या प्लस टर्मिनलवर अपघातात स्टार्टरची केबल तोडणारा छोटा स्फोटक क्लॅम्प असतो. त्याच्यावर हातोडी, पेचकस, जोर काहीही नको. काम चालू असताना डिकी बंद होऊ देऊ नका. बॅटरी सुटलेली आणि डिकी बंद, ही फजिती वर्कशॉपमध्येही होते.

हा डबा २० ते २७ किलोचा असतो, डिकीच्या खोल कोपऱ्यातून वाकून उचलताना कंबर सांभाळा. नवी बसवताना वायूची बारीक नळी विसरू नका. जुनीच्या कडेला लागलेली ही नळी नव्या बॅटरीच्या छिद्रात घालायची आणि विरुद्ध बाजूच्या छिद्राला बूच मारायचं. बूच बहुधा नव्या बॅटरीसोबत येतं, नाहीतर जुनीचं काढून घ्या. ती नळी जोडली नाही तर चार्जिंगचा वायू केबिनमध्ये साचतो. आता प्लस आधी, मायनस शेवटी. टर्मिनल ५-६ न्यूटन-मीटरइतकंच आवळा. शिसं मऊ असतं आणि सेन्सरचा क्लॅम्प नाजूक.

राहिलं रजिस्ट्रेशन. साधारण २००५ नंतरच्या बीएमडब्ल्यूंना नवी बॅटरी बसवल्याचं स्कॅनरने कळवावं लागतं. गाडी बॅटरीचं वय धरून चार्जिंग बदलत जाते. कळवलं नाही तर नव्या बॅटरीला म्हातारीचं चार्जिंग मिळतं आणि ती वेळेआधीच जाते. क्षमता किंवा प्रकार बदलला असेल तर नुसतं रजिस्टर करून भागत नाही, कोडिंगही (गाडीत नोंदवलेली बॅटरीची माहिती) बदलावं लागतं. ऑडीच्या अनेक मॉडेल्समध्ये गेटवे मॉड्यूलमध्ये (सगळ्या कंट्रोल युनिटना एकमेकांशी जोडणारं युनिट) क्षमता, उत्पादक आणि दहा अंकी अनुक्रमांक भरतात. तोच प्रकार, तीच क्षमता असेल आणि नवा क्रमांक हाताशी नसेल, तर जुन्याचा शेवटचा अंक बदलला तरी मॉड्यूलला नवी बॅटरी आल्याचं समजतं. लँड रोव्हरमध्येही बॅटरी मॉनिटर रिसेट करावा लागतो. बॅटरी विकणारा ‘याची काही गरज नसते’ म्हणाला तर दुसरा विक्रेता शोधा.

का उतरली?

झोपलेली गाडी ५० मिलिअँपियरच्या आत वीज घेते. हे कमी वाटतं, पण दिवसाला १.२ अँपियर-तास आणि महिन्याला ३६ होतात. ८० ची बॅटरी, ती ८० टक्केच भरलेली, म्हणजे हाताशी ६४. महिन्याने २८ उरले. गाडीत काहीही बिघाड नसताना महिनाभर उभी राहून ती चालू न होणं हे असं साधं गणित आहे. त्याला उपाय मेंटेनर चार्जर (उभ्या गाडीची बॅटरी सतत भरलेली ठेवणारा छोटा चार्जर), मेकॅनिक नाही.

पण भरलेली बॅटरी दोन-तीन दिवसांत उतरत असेल तर काहीतरी जागं राहतंय. आधी बाहेरून लावलेल्या वस्तू काढा: पार्किंग मोडमधला डॅशकॅम, ट्रॅकर, डायग्नॉस्टिक सॉकेटमध्ये खोचलेला डोंगल. बऱ्याच ‘गूढ’ तक्रारी इथेच संपतात. कीलेस चावी गाडीपासून चार-पाच मीटरच्या आत टांगलेली असेल तर गाडी पुन्हापुन्हा जागी होते. डिकीचा दिवा बंद होतो का ते फोन आत ठेवून व्हिडिओ काढून बघा.

तरीही सापडलं नाही तर मोजा. बॉनेट उघडून लॉकची जीभ पेचकसने ढकलून बंद करा, म्हणजे गाडीला बॉनेट बंद वाटेल. (झाल्यावर आतली दोरी ओढून ती परत उघडा. विसरून बॉनेट आपटलं तर लॉक वाकतं.) तसंच दाराच्या लॉकचंही. गाडी लॉक करून चावी लांब ठेवा आणि २० मिनिटं ते तासभर थांबा. मायनस केबलवर डीसी क्लॅम्प मीटर लावा. मल्टीमीटर सिरीजमध्ये जोडला तर गाडी जागी होताच त्याचा १० अँपियरचा फ्यूज उडतो. आकडा ५० च्या बराच वर राहिला तर फ्यूज उपटत बसू नका, त्याने झोपलेली युनिट उठतात. फ्यूजच्या पाठीवरच्या दोन उघड्या टोकांवर मिलिव्होल्ट मोजा. शून्य असेल तर त्या सर्किटमध्ये करंट नाही. १० अँपियरच्या फ्यूजवर ०.१ मिलिव्होल्ट म्हणजे साधारण १३ मिलिअँपियर. ज्या फ्यूजवर आकडा दिसेल त्याचं सर्किट आकृतीत शोधा आणि तेवढंच तपासा.

गाडी दोन आठवड्यांहून जास्त उभी राहणार असेल तर मेंटेनर कायमचा लावून ठेवा. १ अँपियरचाही पुरतो. डॅशबोर्डवरच्या १२ व्होल्ट सॉकेटमधून चार्ज करायचा मोह होतो, पण बऱ्याच गाड्यांत गाडी झोपली की त्या सॉकेटची वीजही तुटते आणि चार्जर रिकाम्या भोकाला वीज देत बसतो. त्यापेक्षा मेंटेनरसोबत मिळणारी गोल कड्यांची छोटी तार बॉनेटखालच्या टर्मिनलला पक्की बसवा आणि तिचं टोक जाळीजवळ आणून ठेवा. केबल बाहेर काढताना बॉनेटच्या कडेच्या रबरी पट्टीवरून न्या. लॉकच्या बाजूने नेली तर बॉनेट बंद करताना ती चिरडते आणि प्लसची तार थेट बॉडीला टेकते.